दिवसाला दोनच

"किती ओढता?"

"दोनच."

डॉक्टर बाईंचं पेन थांबलं. चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन, की दोनच?"

शाळेत व्याकरणाच्या बाई 'च'ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणायच्या. शब्दाला चिकटतं, त्याचं रूप बदलत नाही, नुसता जोर देतं. माझ्या 'च'त शुद्ध असं काही नव्हतं. सत्तावीस वर्षं मी त्या एका अक्षराच्या आडोशाला उभा राहून सिगारेट ओढत आलो होतो. बायकोला 'दोनच'. आईला 'कधीतरीच'. विम्याचा फॉर्म भरताना एजंटलाही 'दोनच' म्हणालो, तर तो उदारपणे म्हणाला, "मग 'नाही'वर टिक करू या ना साहेब." केली टिक.

या बाईंपर्यंत मी पोचलो तो दातांमुळे. छातीत कळ, हाताला मुंग्या, असलं सिनेमातलं काही मला झालंच नाही. सकाळी सीएसएमटीला उतरून बॅलार्ड इस्टेटपर्यंत झपाझप चालत जायचो, तेव्हा जनरल पोस्ट ऑफिसच्या आसपास डावा जबडा ओढल्यासारखा व्हायचा. टेबलाशी जाऊन बसलं की पाच मिनिटांत गायब. पंधरा दिवस लवंग धरली, मग दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने आरशाने सगळे दात पाहिले, पिवळे डागही पाहिले, काही बोलला नाही. मग विचारलं, "चावताना दुखतं की चालताना?"

"चालताना."

त्याने आरसा ट्रेमध्ये ठेवला. "मग हे माझं काम नाही. आज नाही तर उद्या, पण हृदयाच्या डॉक्टरला दाखवा." फीसुद्धा घेतली नाही. त्याने त्या दिवशी एक रूट कॅनल करून टाकलं असतं तरी मला कळलं नसतं.

पुढचं भराभर झालं. पट्ट्यावर पळायची स्ट्रेस टेस्ट. त्यासाठी छातीवरचे केस चौकोनी चौकोनी भादरलेले, आंघोळीला गेलो की पुढे महिनाभर ते चौकोन दिसायचे. आलेख बिघडला म्हणून अँजिओग्राफी. ती हल्ली मनगटातून करतात. आपण जागे असतो आणि समोरच्या पडद्यावर आपलंच हृदय धुरकट, राखाडी, पाण्यातल्या मुळासारखं हलत असतं. एका नळीत साठ टक्के अडथळा निघाला. स्टेंट आत्ता नको, औषधं घ्या, असं ठरलं. चार गोळ्या लिहून दिल्यावर बाई म्हणाल्या, "पाचवी गोष्ट लिहून देत नाही, कारण ती दुकानात मिळत नाही."

साठ टक्के ऐकून मला आधी हायसंच वाटलं. मी अकाउंट्सचा माणूस, साठ म्हणजे अजून चाळीस शिल्लक. बाईंनी तो हिशेब तिथल्या तिथे खोडून काढला. हृदयविकाराचा झटका म्हणजे गंजत गंजत एक दिवस नळ बंद पडणं, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तसं होत नाही. नळीच्या आत चरबीचा थर असतो, त्यावर पातळ साय असते. ती साय फाटते, आतला ऐवज रक्ताला लागतो, रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते तिथे गुठळी करतं. साठ टक्क्यांची नळी काही मिनिटांत शंभर होते. सिगारेट यातल्या प्रत्येक टप्प्याला हातभार लावते. नळीचं आतलं अस्तर खरखरीत करते, साय कच्ची ठेवते आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स, गुठळी करणारे कण) चिकट करून ठेवते, म्हणजे गुठळी व्हायची तर पटकन व्हावी.

हे ऐकून मी शहाण्या माणसासारखी मान डोलावली. चौथ्या दिवशी, मनगटावरचा काळानिळा डाग पिवळा पडायच्या आत, टपरीवर होतो.

त्या टपरीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारती समोरून साहेबी दिसतात, मागच्या गल्लीत त्यांचे एसी ठिबकत असतात. त्या ठिबकण्याच्या एक हात बाजूला मामांची टपरी. खांबाला काथ्याची दोरी बांधलेली, तिचं टोक दिवसभर धुमसतं. माचिस मागायची नाही, दोरी ओढून घ्यायची, मान वाकडी करायची, दोन फुंकरीत पेटते. त्या दोरीपुढे आमचे जनरल मॅनेजरही मान वाकडी करायचे. कटिंगचा ग्लास खालून धरायचा, कारण वरचा काठ भाजतो. अकराला एक, चारला एक. कोणाची बदली होणार, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणता विभाग गुंडाळणार, हे आम्हाला परिपत्रक निघायच्या महिनाभर आधी तिथे कळायचं. माझी सिगारेट निम्मी तरी या अकराची आणि चारची होती. आमच्या खात्यात टेबलावरून उठून नुसतं पाच मिनिटं रस्त्याकडे बघत उभं राहिलं तर लोक विचारतात, "काय, बरं नाही का?" हातात सिगारेट असली की कोणी काही विचारत नाही.

मामा सुटी विकतात. महाराष्ट्राने २०२० साली सुट्या सिगारेट आणि बिड्या विकायला बंदी केली, पण या शहरात तो कायदाही सुटासुटाच पाळला जातो. मला त्यातली गोम फार उशिरा कळली. सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीटच येत नाही. पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग व्यापणारं ते भीषण चित्र दिसत नाही, खाली छापलेला मदतीचा फोन नंबर दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे, पाकीट संपलं हे कधी कळतच नाही, त्यामुळे 'च' अबाधित राहतो.

अँजिओनंतरच्या त्या पहिल्या सिगारेटने मला खरंच लाज वाटली असं म्हणवत नाही. तलफ भागली, बरं वाटलं. पण संध्याकाळी डायरीच्या शेवटच्या पानावर मी एक आठवडा नोंद ठेवायचं ठरवलं. सोडायचा विचार नव्हता. दोनच आहेत हे बाईंना कागदावर दाखवायचं होतं. सत्तावीस वर्षं इतरांची खाती तपासली, आपलं एक तपासायला काय जातंय?

रविवारी रात्री बेरीज केली. एक्केचाळीस. पुन्हा केली, एक्केचाळीसच. दिवसाला सहाच्या आसपास. 'दोनच'च्या हिशेबाने चौदा तर धरलेल्याच होत्या. बाकीच्या सत्तावीस कुठून आल्या? भांडुपला रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यावर एक. जेवणानंतर 'चक्कर मारून येतो' म्हणून खाली उतरल्यावर एक. महिनाअखेरीला ट्रायल बॅलन्स जुळेना म्हणून दोन, जुळला म्हणून एक. शनिवारी मित्राच्या गच्चीवर किती, ते मलाही नीट आठवेना. शिवाय दुसऱ्याच्या हातातून घेतलेले झुरके मी उचंत खात्यात टाकले होते, ते बेरजेत नाहीतच. असं खातं एखाद्या कारकुनाने माझ्यासमोर आणलं असतं तर मी त्याला उभ्या उभ्या झापलं असतं.

पण खरा दणका पुढेच होता. समजा, माझ्या दोनच असत्या तर? २०१८ साली लंडनच्या संशोधकांनी १४१ अभ्यासांचे आकडे एकत्र करून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निष्कर्ष छापला. दिवसाला वीस ओढणाऱ्या पुरुषाला हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे १०४ टक्के जास्त. मग एक ओढणाऱ्याला किती असावा? एकशे चार भागिले वीस, म्हणजे पाचेक टक्के, असं माझ्यासारखा माणूस म्हणेल. उत्तर आहे ४८. एका सिगारेटला वीसच्या जवळजवळ निम्मा धोका. बायकांचं गणित त्याहून वाईट, एका सिगारेटला ५७ टक्के.

हे वाचून मी चिडलो. मला वाटतं, अकाउंट्सचा कुठलाही माणूस चिडेल. फुप्फुसाचा कर्करोग निदान हिशेबाने तरी वागतो, जेवढ्या जास्त तेवढा जास्त. हृदयाचा हिशेब रिक्षाच्या मीटरसारखा. बसल्याबसल्या किमान भाडं पडतं, मग तुम्ही पुढच्या नाक्यावर उतरा नाहीतर स्टेशनला. बिंबिका चिकट व्हायला, अस्तर दुखावायला थोडासा धूर पुरतो. पुढचा धूर त्यात भर घालतो, पण पहिल्याएवढी नाही. म्हणजे वीसवरून पाचवर आलो, पाचवरून दोनवर आलो, असं म्हणत जे लोक कॉलर ताठ करतात, त्यांना फुप्फुसाच्या खात्यात सूट मिळत असेल. हृदयाच्या खात्यात किमान भाडं चालूच. तिथे 'कमी केली' या शब्दाला फार किंमत नाही. मला तरी हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, म्हणजे माझं पण थोडं भाडं पडलंच की." ती बरोबर बोलली. न ओढणाऱ्या माणसाला घरात किंवा कामावर दुसऱ्याचा धूर मिळत राहिला तर त्याचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. मी खाली जाऊन ओढायचो याचा मला अभिमान होता. पण पावसाळ्यात खाली कोण जातो? जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या घरात स्वयंपाकघराची खिडकी चालायची.

मग बाबा आठवले.

बाबा लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आत कापूस, त्यामुळे काडेपेटी नेली तर नोकरी जायची. पाळीत तंबाखूची गोळी आणि पाळी सुटली की बिडी. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. संपात बाबांच्या हाताला काम नव्हतं आणि बिडीला मनाई करणारं खातं नव्हतं. चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून ते दिवसभर रस्ता बघत बसायचे. बंडल एकाचं दीड झालं, दीडचं दोन. "सिगारेट साहेबलोकांची, त्यात कागद असतो. बिडीत काय, पान आणि पत्ती," असं ते म्हणायचे. तेंदूच्या पानात ओल असते, बिडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. हे त्यांना माहीत नव्हतं.

१९८९ च्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना 'गॅस' झाला. आईने ओवा दिला, शेजारच्या काकूंनी सोडा दिला, एकाने पाठ चोळली. दीड तास आमची सगळी चाळ गॅसवर उपचार करत होती. मग चाळीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. केईएम आमच्यापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर. ज्या केईएममध्ये १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं होतं (रुग्ण काही तासच जगला, पण करून पाहिलं), त्याच्या इतक्या जवळ राहून आम्हाला छाती आणि पोट यांतला फरक कळला नव्हता. पोचेपर्यंत संपलं होतं. बाबा ५१ वर्षांचे होते.

दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. माझ्या मामाने आईची काळजी घेईन म्हणून सांगितलं, काकाने पोराला शिकवीन म्हणून सांगितलं. कावळे दीपमाळेवर बसून बघत होते. शेवटी बाबांच्या साच्याशेजारी काम करणाऱ्या एकाने खिशातून बिडी काढून भाताच्या कडेला ठेवली. लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, काका म्हणाला, "बघ, जीव हिच्यातच अडकला होता." मी चौदा वर्षांचा. त्या प्रसंगातून मी काय शिकावं? बाबांना बिडी किती प्रिय होती, एवढंच शिकलो. बिडीने त्यांना नेलं असं त्या घाटावर कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आज मी ५० चा आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येताना दिसला, बाकी जगात ५९च्या आसपास. आमच्या घराला हा आकडा कोणी सांगायची गरज नाही.

आता ऑक्सिमीटरचा किस्सा. करोनात घरोघरी ते चिमट्यासारखं यंत्र आलं. रोज संध्याकाळी आमच्या घरात बोटं लावायचा कार्यक्रम असे. मुलीचं ९८, बायकोचं ९७, माझं ९८. मी खालून सिगारेट ओढून येऊन बोट लावायचो आणि म्हणायचो, "बघा, फुप्फुसं अजून ठणठणीत." तेव्हापासून ते ९८ माझं प्रमाणपत्र होतं. ते बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या. त्या यंत्राला रक्तातला ऑक्सिजन आणि सिगारेटचा कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. दोन्ही चिकटले की रक्त लालच दिसतं, ते दोघांनाही ऑक्सिजन म्हणून मोजतं. म्हणजे चार-पाच वर्षं मी एका फितलेल्या ऑडिटरची सही घरात मिरवत होतो.

कार्बन मोनॉक्साइड कसा वागतो ते मला लोकलवरून समजलं. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे डबा. ऑक्सिजन सीएसएमटीला चढतो, सीटवर बसतो आणि दादर आलं की उठतो. उठतो म्हणूनच तर स्नायूंना मिळतो. कार्बन मोनॉक्साइड हा कसाऱ्याचा पॅसेंजर. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो, तासन् तास उठत नाही, आणि शेजारच्यालाही लवकर उतरू देत नाही. डबा भरलेला दिसतो, दादरला उतरतं कोणी नाही. त्याच वेळी निकोटिन अॅड्रेनालिनला हाक मारतं, नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, नळ्या आक्रसतात. हृदयाला काम वाढवून दिलं आणि डबा अडवून ठेवला, असा हा दुहेरी कारभार. माझा जबडा पोस्ट ऑफिसपाशी नेमका का ओढायचा ते तेव्हा कळलं. सकाळची पहिली स्टेशनबाहेर पेटायची, आणि पोस्ट ऑफिस येईपर्यंत ती संपलेली असायची.

सोडायची तारीख मी ३१ मार्च ठरवली. हसू नका, आमच्याकडे वर्ष तेव्हाच बंद होतं.

१ एप्रिलपासूनचे पहिले तीन दिवस मी माणसात नव्हतो. मुलीने पंखा एकवर केला म्हणून ओरडलो. झोप नाही, पोट साफ नाही, डोकं जड. तिसऱ्या रात्री जुन्या पँटच्या खिशातून एक रिकामं पाकीट सापडलं, त्यावरचा १८००-११-२३५६ हा नंबर फिरवला. सरकारी नंबर, उचलतील की नाही असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बोलणं झालं. पलीकडच्या बाई मला सिगारेट वाईट असते वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "तलफ आली की घड्याळ बघा. चार-पाच मिनिटांत ती उतरते, तेवढीच मिनिटं ढकलायची," म्हणाल्या. हे इतकं साधं होतं की मला राग आला. पण घड्याळ बघितलं. भांडुपच्या रिक्षाच्या रांगेत चार मिनिटं, जेवणानंतर सहा. मी लिहून ठेवत गेलो. आकडा लिहायला मिळाला की मी कशातूनही निभावतो.

औषधाच्या दुकानातून निकोटिनचे दोन मिलिग्रॅमचे च्युइंगगम आणले. ते च्युइंगगमसारखे खायचे नसतात, हे मला उचकी लागल्यावर समजलं. थोडं चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. आणि त्याआधी पाव तास चहा-कॉफी नाही, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. म्हणजे अकराच्या कटिंगशी त्याचं भांडण. मी मामांकडे कटिंग घ्यायचो आणि पाच मिनिटं नुसता उभा राहायचो. पहिल्या दिवशी तिघांनी विचारलं, "काय, बरं नाही का?"

बरं होतं की. सिगारेट विझल्यावर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब खाली यायला लागतात. बारा तास ते एक दिवस, तेवढ्यात कसाऱ्याचे पॅसेंजर उतरतात, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड न ओढणाऱ्याच्या पातळीला येतो. पुढच्या काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतं. वर्षभराने हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका आपण डोक्यावर घेतलेला असतो, तो जवळपास निम्मा उरतो. पंधरा वर्षांनी तो न ओढणाऱ्याच्या जवळ जातो. मला यातलं 'वर्षभराने निम्मा' फार आवडलं. सत्तावीस वर्षांचं कर्ज, आणि एका वर्षात निम्मी सूट! असं कोणती बँक देते? ज्या हृदयाने एका सिगारेटला निम्मं भाडं लावलं, तेच परतफेडीला इतकं सढळ. हिशेब वाकडाच, पण या वेळी माझ्या बाजूने.

अस्तराचं मला विशेष वाटलं. नळीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो, तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो आणि त्याने नळी सैलावते. (या वायूचं काम शोधणाऱ्या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं.) धुराने तो वायू कमी पडतो, सोडल्यावर तो थर पुन्हा कामाला लागतो. माझा साठ टक्क्यांचा थर काही वितळून जाणार नाही, तो तिथेच आहे. पण त्याच्यावरची साय शांत राहावी, एवढी सोय मला करता येते.

ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांची नोंद पन्नास वर्षं ठेवली गेली. ते काम ज्यांनी सुरू केलं ते रिचर्ड डॉल स्वतः ओढायचे, त्याच्या आधीच्या अभ्यासाचे आकडे हाती यायला लागले तशी त्यांनी सोडली. शेवटचा अहवाल २००४ साली आला तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्याला जवळजवळ दहाच्या दहा परत मिळाली, चाळिसाव्याला नऊ, पन्नासाव्याला सहा, साठाव्याला तीन. मी पन्नाशीच्या खिडकीवर आहे. ती बंद व्हायच्या आत पोचलो, एवढंच.

फायद्याची खाती लिहिली तर तोट्याचीही लिहायला हवीत. चार किलो वाढलो. तोंडाला चव आली आणि भांडुप स्टेशनबाहेरचा वडापाव इतका चांगला लागतो हे नव्याने कळलं. आमच्यातला एक जण माझं पाहून सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागला. "धूर नाही ना," म्हणतो. महाराष्ट्राचं हे जुनंच दुखणं. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते, आणि ओढणारे एकूण प्रौढांत फक्त ३.८ टक्के. बाकीचे चघळणारे आणि मिश्री लावणारे. हृदयाला त्यानेही धोका वाढतो, हे त्याला सांगितलं. त्याने पुडी पुढे केली. पैशांचं म्हणाल तर अठरा रुपयांनी दिवसाला सहा, वर्षाचे ३९,४२० होतात. ते वाचले असं कागदावर दिसतं. गेले कुठे, ते बायकोला माहीत.

जुलैत एक दिवस जबडा पोस्ट ऑफिसपाशी ओढेनासा झाला. गोळ्यांनी की सोडल्याने, ते वेगळं काढता येत नाही. मी त्या जागी मुद्दाम थांबलो, कबुतरखान्याशी दाणे टाकणारे होते, त्यांच्याकडे बघत एक मिनिट उभा राहिलो आणि पुढे गेलो.

आणि मग अनंत चतुर्दशी. जन्म लालबागचा, त्यामुळे त्या दिवशी मी भांडुपला राहू शकत नाही. सकाळी निघालेली मिरवणूक, रात्रभर ढोल, पहाटे गिरगाव चौपाटी. पाय सुजलेले, गळा बसलेला, गुलाल कानात गेलेला. वाळूत बसलो होतो. शाळेतल्या मित्राने काही न विचारता स्वतःची पेटवली, मग माझ्यापुढे धरली, जशी तीस वर्षं धरतो तशी. घेतली. पूर्ण ओढली. चव घाण लागली, डोकं गरगरलं, पण शेवटपर्यंत ओढली. समुद्रावर उजाडत होतं. छान वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात तपासणी झाली. बाईंनी रक्तदाब घेतला, नाडी पाहिली, ६८. फाइल उघडली आणि मान खाली घालून विचारलं, "सिगारेट?"

"शून्य," मी म्हणालो.

पेन थांबलं. त्या वाट बघत होत्या. 'शून्यच' म्हणायला काय लागतं? एका अक्षराचा प्रश्न. जीभ टाळ्यापर्यंत गेली आणि परत आली.

"विसर्जनाला एक ओढली."

"पूर्ण?"

"पूर्ण."

टेबलापलीकडचे आकडे उलटे वाचायची आमच्या धंद्यात सवयच असते. बाईंनी शून्य लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे त्यांनी अधिकचं चिन्ह काढलं, एक लिहिला, कंसात विसर्जनाची तारीख टाकली, आणि माझा दुसरा हात मागितला, त्यातलाही रक्तदाब घ्यायचा होता म्हणून.